परदेशात भाड्याची गाडी : काउंटरवरचं ‘फुल कव्हर’ घ्यायचं की नाही?

कुळागर

मंडळी, नमस्कार. चवथ आटोपली की ऑक्टोबरात पोर्तुगालला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि मेहुणा. लिस्बन, सिंत्रा, मग उत्तरेला पोर्तो आणि दोरू नदीचं खोरं, परतताना जमलं तर एव्होरा. शहरात गाडी नको हे कळतं, पण दोरूच्या खोऱ्यात मुलांना घेऊन बसच्या वेळा सांभाळत फिरणं आमच्याने होणार नाही. तेव्हा गाडी घेणार हे पक्कं. अडलंय ते विम्यापाशी.

भाड्यात मूळ कव्हर आहे, पण त्यावर एक्सेस १६०० युरो. म्हणजे गाडीला काही झालं तर १६०० पर्यंतचा खर्च आमचा, आणि तेवढी रक्कम ते क्रेडिट कार्डावर आधीच अडवून ठेवणार. दुसरा पर्याय, ज्या वेबसाइटवरून बुकिंग करतोय तीच ‘संपूर्ण संरक्षण’ विकते, दिवसाला साधारण ७ युरो. तिसरा, कंपनीच्या काउंटरवर शून्य एक्सेसचं कव्हर, दिवसाला २६ युरो. गाडीचं भाडं ३१! विमा जवळजवळ गाडीएवढा.

लिस्बनमधला मावसभाऊ म्हणतो काहीच घेऊ नको, काउंटरवरची माणसं घाबरवतात. बायको म्हणते सगळं घ्या. मेहुणा म्हणतो मी चालवणार, काही होत नाही. त्याच्या गाडीचे दोन्ही आरसे फोंड्याच्या बाजारात गेलेत.

तुम्ही लोक काय करता?

तळलेला बांगडा

गाडी तीच ठेवा, मेहुणा बदला.

झुआरीपार

कुळागर, तिन्ही पर्याय एकाच रांगेत मांडल्यामुळे गोंधळ होतोय. आधी नुकसान कुणाचं ते वेगळं करा. एक, त्यांच्या गाडीचं. दुसरं, तुमच्या हातून दुसऱ्या माणसाचं किंवा त्याच्या मालमत्तेचं. तिसरं, तुमचं स्वतःचं दवाखान्याचं बिल. काउंटरवर जे गळ्यात मारतात ते बहुतेक पहिल्याबद्दलच असतं.

दुसऱ्याची काळजी युरोपात फारशी करू नका. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच भाड्यात असतो आणि मर्यादाही दणदणीत. युरोपीय संघाच्या नियमाने मालमत्तेसाठी अपघातामागे किमान १३ लाख युरो, माणसांच्या इजेसाठी अपघातामागे ६४ लाख ५० हजार. आपल्याकडे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते.

आता पहिलं. करारात सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) म्हणून जे असतं तो तसा विमा नव्हे. एक्सेसच्या वरची वसुली तुमच्याकडून करणार नाही, एवढं कंपनी कबूल करते. तुम्ही अट मोडलीत (दारू पिऊन चालवलीत, करारात नाव नसलेल्याच्या हाती गाडी दिलीत, मनाई असलेल्या रस्त्यावर घातलीत) की ती कबुली संपली आणि पूर्ण गाडीचे पैसे तुमच्या डोक्यावर. शून्य एक्सेस घेतला असला तरी.

आणि १६०० युरो हा आकडा पाहून गाफील राहू नका. मूळ कव्हरमध्ये टायर, काचा, छप्पर, गाडीचा खालचा भाग, हरवलेली चावी, जळलेला क्लच, चुकीचं इंधन हे सहसा धरलेलंच नसतं. ते १६०० च्या बाहेर, वेगळं भरायचं. सिंत्राचे रस्ते अरुंद, लिस्बनच्या दगडी चढणी उभ्या. तिथे टायर आणि क्लच याच गोष्टी आधी जातात. तिसऱ्या पर्यायात हे येतं का ते कागदावर वाचून घ्या. ‘फुल’ म्हणतात आणि काचा-टायर त्यातही वगळलेले असतात.

म्हापसेकरीण

वेबसाइटवाल्या ७ युरोबद्दल सांगते, कारण घरात भोगून झालंय. दिराने मालागाला हेच घेतलं होतं. काउंटरवर कागद दाखवला तर ती मुलगी म्हणाली, हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार, आमच्याकडे याला काही अर्थ नाही. आणि खरंच नसतो. तो कंपनीशी केलेला करार नव्हे, बाहेरच्या विमा कंपनीशी केलेला. गाडीला काही झालं तर कंपनी तुमच्या कार्डावरून पैसे कापणार, मग तुम्ही विमा कंपनीकडे मागायचे.

परत देताना मागच्या बंपरवर चरा निघाला, ४८० युरो गेले. ते पुढे मिळाले, खोटं बोलणार नाही. पण भाडेकरार, गाडी घेतानाचा आणि देतानाचा तक्ता, दुरुस्तीचं बिल, कार्डाचं स्टेटमेंट एवढं सगळं पाठवल्यावर. कंपनीने ‘प्रकरण हाताळणी’ म्हणून वेगळे पैसे लावले होते ते मात्र गेले ते गेलेच.

अजून एक. अशा पॉलिसीत राहण्याच्या देशाची अट असते. काही फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्यांनाच विकतात, पण पैसे भरताना कुणी विचारत नाही. भारतात राहणाऱ्याला चालते का, ते पॉलिसीच्या मजकुरात शोधा. जाहिरातीत नाही सापडणार.

कुळागर

@म्हापसेकरीण, म्हणजे ७ युरोवाला घेतला तरी १६०० कार्डावर अडकणारच?

म्हापसेकरीण

अडकणारच. आणि डेबिट कार्ड पुढे केलंत तर बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात, किंवा मग आमचं पूर्ण कव्हर घ्या म्हणतात. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, हेही बघून ठेवा.

हिशेबनीस

मी काउंटरवरचं कव्हर घेत नाही. का ते आकड्यांत.

दहा दिवस धरा. २६ प्रमाणे २६० युरो. एक्सेस १६००. म्हणजे दर सहाव्या सुट्टीला पूर्ण १६०० चं नुकसान होत असेल तर तुम्ही बरोबरीत. दर सहाव्या सुट्टीला गाडी ठोकणाऱ्याने विम्यापेक्षा चालकाचा विचार करावा. उरलेला पैसा कंपनीचा नफा, काउंटरवरच्या माणसाचं कमिशन त्यातलंच.

विमा कशाचा घ्यायचा? जे झेपणार नाही त्याचा. आजारपण, दुसऱ्याचा जीव जाणं, गाडी पूर्ण निकामी होणं. यातलं शेवटचं सीडीडब्ल्यूत आहे, मधलं कायद्याने आहे, पहिल्यासाठी प्रवास विमा आहे. १६०० युरो लागले तर लागतील, पुढच्या वर्षी गोकर्णला जायचं.

तळलेला बांगडा

गोकर्णला जाऊन तिथे गाडी भाड्याने घ्यायची का?

काळी पाटी

हिशेबनीसबाब, तुमची बेरीज बरोबर आहे. पण गाडी परत घेताना समोर जो माणूस उभा असतो तो तुमच्या बेरजेत नाही. मी तोच माणूस. कळंगुटला माझ्या रेंट-अ-कॅबच्या गाड्या आहेत, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं.

पळय, नुकसान म्हणजे दरवेळी अपघात नसतो. रिमला घासलेलं, दाराची कड, सीटवर सिगारेटचा डाग. घरच्या गाडीवर अशा वीस खुणा असतील, तुम्ही बघतही नाही. भाड्याच्या गाडीवर प्रत्येक खुणेचा दर ठरलेला. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांत तर छापील तक्ता असतो. बाजारात इसवण घेताना बाई कल्ला उघडून बघते तशी आम्ही गाडी बघतो. आणि गिऱ्हाईक त्यावेळी विमान पकडायच्या घाईत असतं, हे आम्हाला ठाऊक असतं. प्रामाणिक माणूसही त्या घाईत दोन खुणा जास्त बघतो, अप्रामाणिकाची गोष्टच सोडा. दर सहाव्या सुट्टीला १६०० होत नाहीत, मान्य. पण दर तिसऱ्या सुट्टीला दोनशे-तीनशे होतात, ते तुमच्या गणितात कुठे धरले?

आता आमची बाजू पण ऐका. लोकांना वाटतं गाडीला विमा आहे मग डिपॉझिट कशाला. गेल्या डिसेंबरात एकाने थार रेतीत घातली. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, करारातही लिहिलंय, सही केलेली. भरतीचं पाणी आत शिरलं. विमा कंपनीने काय मोजलं, काय नाकारलं ते एक असो, पण ख्रिसमसपासून नव्या वर्षापर्यंत गाडी गॅरेजात. त्या दिवसांचं भाडं कोण देणार? विमा सुट्या भागांचे पैसे देतो, बुडालेल्या धंद्याचे नाही. वर क्लेम केला म्हणून नो क्लेम बोनस गेला तो वेगळा. म्हणून परदेशात बिलावर ‘वापर बुडाल्याचे’ पैसे लावतात तेव्हा ते सगळे चोर नसतात. तुमच्या कव्हरमध्ये तो खर्च धरलाय का, एवढं मात्र तुम्ही आधी विचारा.

आणि इथे येणाऱ्या तुमच्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना सांगा, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात भाड्याने घेऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने द्यायला मनाई असते. माणूस उडवला तर विमा कंपनी हात वर करते आणि गाडीमालक फोन बंद करतो.

म्हापसेकरीण

म्हणजे दिराचे ४८० घेणाऱ्यांचे भाऊबंद तुम्ही! :)

काळी पाटी

बाय, मी चऱ्याला दोन हजार रुपये घेतो, आणि घरून आणलेला चहा पाजतो.

डिचोलीचा दोतोर

झुआरीपार यांनी तिसरी गोष्ट, म्हणजे स्वतःचं दवाखान्याचं बिल, नुसती नाव घेऊन सोडली, ती पुरी करतो.

प्रवास विमा घेताना लोक त्यात ‘व्यक्तिगत दायित्व’ हा शब्द बघतात आणि समजतात की गाडीने कुणाला धडक दिली तरी हे येईल. येत नाही. बहुतेक पॉलिसींत मोटार वाहनामुळे आलेलं दायित्व सरळ वगळलेलं असतं. काही महागड्या योजनांत भाड्याच्या गाडीचा एक्सेस भरून देण्याची सोय असते. ती असेल तर कुळागर यांना वेबसाइटचे ७ युरोही द्यायला नकोत. एजंटला ‘कव्हर आहे ना?’ असं विचारू नका, तो हो म्हणतो. पॉलिसीचं पान मागवा.

गाडी चालवताना झालेल्या इजेचा दवाखाना प्रवास विम्यात सहसा येतो, पण परवाना वैध हवा आणि रक्तात दारू नको. तुम्ही दोरूच्या खोऱ्यात चाललाय, तिथे दर वळणावर द्राक्षमळा आणि पोर्ट वाईनची चव घ्यायचं आमंत्रण. पोर्तुगालात मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील त्यांना ०.२. आपल्याकडे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ०.३. तिथे थोडी ढील आहे म्हणून कुणी खुश होऊ नये. मर्यादा ओलांडून ठोकलीत तर गाडीचं कव्हर आणि तुमचं दवाखान्याचं कव्हर दोन्ही एकदम जातात.

तळलेला बांगडा

डॉक्टरांनी मेहुण्याचं काम सोपं केलं. चव त्याने घ्यायची, चालवायचं कुळागरांनी.

साखळीचा परदेशी

कॅलिफोर्नियातून लिहितोय. वर ‘दुसऱ्याची काळजी करू नका’ म्हटलंय ते युरोपपुरतं ठेवा. इथे गणित उलटं आहे.

भारतातून येणारे पाहुणे काउंटरवर सीडीडब्ल्यू घेतात आणि दायित्वाचा जास्तीचा विमा नको म्हणतात, कारण एकदम दोन-तीन गोष्टींचे दर ऐकून जीव घाबरा होतो आणि गाडीचा विमा तेवढा महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत घाबरायचं ते गाडीला नाही, समोरच्या माणसाच्या वकिलाला. भाड्यासोबत दायित्व कव्हर मिळालं तर बरेचदा ते राज्याने ठरवलेलं किमानच असतं. कॅलिफोर्नियात २०२४ संपेपर्यंत ते एका माणसाच्या इजेला १५ हजार डॉलर, एका अपघाताला ३० हजार, मालमत्तेला ५ हजार एवढंच होतं. १ जानेवारी २०२५ पासून ३०, ६० आणि १५ हजार झालं. दुप्पट-तिप्पट झालं तरी अतिदक्षता विभागात काढलेल्या एका रात्रीपुढे ते काही नाही. फ्लोरिडात तर इजेच्या दायित्वाचा विमा बहुतेक गाडीमालकांना सक्तीचाही नाही.

इथे राहणाऱ्यांकडे स्वतःच्या गाडीची पॉलिसी असते, ती भाड्याच्या गाडीलाही लागू होते. शिवाय कार्डावर टक्करीचं कव्हर असतं. म्हणून इथला मित्र ‘काही घेऊ नको’ म्हणतो. तो त्याच्यापुरतं बरोबर बोलतोय. भारतातून आलेल्याच्या मागे यातलं काहीच उभं नसतं. कुळागर, तुमचा लिस्बनचा मावसभाऊही असाच बोलत असेल का ते विचारून बघा.

कुळागर

विचारलं. त्याने आजवर तिथे गाडी भाड्याने घेतलेलीच नाही, त्याची स्वतःची आहे.

हिशेबनीस

:)) मावसभाऊ बाद.

@काळी पाटी, तुमचा मुद्दा पटला असं नाही, पण दर तिसऱ्या सुट्टीला दोनशे धरले तरी सुट्टीमागे सरासरी सत्तरच युरो होतात. २६० अजून दूर आहेत. शिवाय गाडी घेताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, चारी रिम, छप्पर, पुढची काच, बूटची कड, इंधनाचा काटा आणि किलोमीटर. कागदावरच्या चित्रात जी खूण नाही ती त्यांच्याकडून लिहून, सही करून घ्यायची. तेवढ्याने निम्मे वाद मिटतात.

काळी पाटी

व्हिडिओ काढणारं गिऱ्हाईक दिसलं की आम्हीपण सांभाळून वागतो, हे खरं. पण पार्किंगच्या तळमजल्यावर अंधारात, पोरं रडतायत, ब्यागा पडल्यायत, अशा वेळी कोण काढतो? काढला तर उजेडात नेऊन काढा. आणि परत देतानाही काढा. रात्री किल्ली पेटीत टाकून निघून जाणाऱ्यांचे हाल जास्त. नंतर मेल येतो आणि तोवर तुम्ही मोपा विमानतळावर उतरलेले असता.

पेडण्याचा वारा

देशागणिक वेगळी गंमत असते. आइसलँडला वाऱ्याने दार उलटं वाकतं, आणि ते ‘फुल कव्हर’मध्येसुद्धा बहुधा नसतं. तिथे खडीचं कव्हर वेगळं विकतात, वाळू आणि राखेचं वेगळं. डोंगरातल्या ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ असतो तिथे साधी गाडी न्यायचीच नाही, आणि ओढा ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर कुठलंच कव्हर नाही.

जपानात उलट, मूळ कव्हर भाड्यातच येतं. पण गाडी बंद राहिली तर भरपाई ठरलेली. बऱ्याच कंपन्यांत गाडी चालवत परत आणता आली तर २० हजार येन, ओढून आणावी लागली तर ५० हजार. आणि कितीही छोटं असलं तरी पोलिसांना बोलवायचं, नाहीतर कव्हर रद्द. दुबईतही पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला चऱ्याला हात लावत नाही.

झुआरीपार

न्यूझीलंड राहिलं. तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही, पण अपघातातल्या इजेचा खर्च सरकारी योजनेतून होतो, पाहुण्यांचासुद्धा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅनियनच्या रस्त्यावर आणि उत्तरेच्या नाइन्टी माइल बीचवर भाड्याच्या गाडीला बहुतेक कंपन्या मनाई करतात. काळी पाटी यांना ऐकून बरं वाटेल.

काळी पाटी

रेतीत गाडी घालणारे जगभर आहेत तर! जीव थंड झाला.

मासोळी नको

विषय बदलतेय, क्षमस्व. पण इथे सगळे विम्यावर बोलतायत आणि रस्त्याची बाजू उलटी आहे हे कुणी म्हणत नाही. पोर्तुगाल १९२८ साली उजवीकडे गेला. गोवा त्यांच्याच ताब्यात असून डावीकडेच राहिला, कारण चारी बाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान. आता आपण तिथे जाऊन घोळ घालणार. त्यात तिकडे हाताने गिअर बदलायच्या गाड्या जास्त, तोही उजव्या हाताने. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, महाग पडते पण निम्मा ताण जातो.

तळलेला बांगडा

चारी बाजूंनी कशा? एका बाजूला समुद्र आहे, मासोळी नको म्हणता म्हणून तो पण नको का?

मासोळी नको

तीन बाजूंनी. घ्या.

झुआरीपार

ऑटोमॅटिकला +१. आणि पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट गाडी घेऊ नका. रात्रीची झोप नाही, बाजू उलटी, पहिलाच चौक गोल, तोही उलट्या दिशेने फिरायचा. लिस्बन गाडीशिवाय बघा, मग शहर सोडताना घ्या. विम्याचे तेवढे दिवसही वाचतील.

साखळीचा परदेशी

आंतरराष्ट्रीय परवाना काढलात ना, कुळागर? मेहुण्याचाही लागेल.

कुळागर

माझा काढलाय, आरटीओत १००० रुपये शुल्क, वर्षभर चालतो. मेहुण्याचा अर्ज सारथी संकेतस्थळावर भरलाय. मूळ परवाना सोबत ठेवायचा, एकट्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर चालत नाही असं तिथल्या क्लार्कने आवर्जून सांगितलं.

अजून दोन शंका. मेहुण्याचं नाव जोडायला दिवसाला ६ युरो मागतायत. वाचवावेत का? आणि दोरूच्या वरच्या अंगाला स्पेनची हद्द जवळ आहे, सालामांकाला एक दिवस जाऊन यायचा मोह होतोय.

म्हापसेकरीण

सहा युरो वाचवून मेहुण्याच्या हातात गाडी दिलीत तर वर झुआरीपार यांनी सांगितलं तसं सगळंच कव्हर उडतं. द्या हो सहा. नाहीतर तुम्ही एकटेच चालवा.

स्पेनला जाता येतं, पण कंपनीची परवानगी आधी घ्यायची आणि त्याचे वेगळे पैसे असतात. विचारलं नाही आणि पलीकडे काही झालं तर पुन्हा तेच. ग्रीसमध्ये बेटावर जाणाऱ्या बोटीत गाडी चढवतानाही हाच नियम, लेखी परवानगी नसेल तर तिथे कव्हर संपतं.

हिशेबनीस

टोल विसरू नका. पोर्तुगालात काही महामार्गांवर नाकाच नाही, कॅमेरे टिपतात. टोल आपोआप कापणारं व्हिया व्हेर्देचं यंत्र गाडीत बसवून मिळतं, दिवसाचं थोडं भाडं आणि वर प्रत्यक्ष टोल. ते घ्या, कारण टोल चुकला तर कंपनी टोलाबरोबर आपले हाताळणीचे पैसे लावते आणि ते कुठल्याच विम्यात नाहीत. दक्षिणेतल्या आल्गार्व्हच्या ए-२२ चा टोल १ जानेवारी २०२५ पासून उठला, पण तुम्ही तिकडे जातच नाही म्हणताय. लिस्बन ते पोर्तोच्या ए-१ वर आहे.

इटलीतही असंच. जुन्या शहराच्या मनाईच्या भागात गाडी गेली की दंड, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल कंपनीचे पैसे वेगळे.

काळी पाटी

काउंटरवर कार्ड घासताना रुपयांत की युरोत विचारतील. युरोतच. रुपये म्हटलं की दर त्यांचा.

डिचोलीचा दोतोर

मूळ प्रश्नाकडे या बघू. कुळागर, कार्डाची मर्यादा किती?

कुळागर

दोन लाख. बायकोच्या कार्डावर ऐंशी हजार.

डिचोलीचा दोतोर

युरो शंभर रुपयांचा धरला तरी १६०० म्हणजे १ लाख ६० हजार त्या एकाच कार्डावर अडकले. गाडी परत दिल्यावरही रक्कम सुटायला दिवस जातात, कधी आठवडेही. तोवर हॉटेलं, जेवणखाण आणि काही आजारपण निघालंच तर ते उरलेल्या चाळीस हजारांत आणि बायकोच्या ऐंशीत. प्रवास विमा बरेचदा भरती न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च आधी खिशातून करायला लावतो. हिशेबनीसांचं गणित ज्याची मर्यादा पाच-सहा लाख आहे त्याच्यासाठी बरोबर. तुमच्या बाबतीत १६०० युरो गमावण्याची भीती दुय्यम आहे, ते अडकून पडण्याचीच जास्त.

हिशेबनीस

हे मान्य. मी मर्यादा विचारलीच नव्हती. दोन लाखांत दोन मुलांसह परदेशात असाल तर शून्य एक्सेस घ्या. पण २६ देऊ नका. काउंटरवरचा दर सगळ्यांत महाग असतो. त्याच कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आधीच शून्य एक्सेससकट पॅकेज बघा, बरेचदा बरंच खाली येतं, आणि अडवायची रक्कमही शेदोनशेवर येते.

कुळागर

आत्ताच पाहिलं. तीच गाडी, ऑटोमॅटिक, कंपनीच्या साइटवर शून्य एक्सेस, टायर आणि काचा धरून दिवसाला ५२. अडवणार फक्त ३०० युरो. वेबसाइटवरची ३१ अधिक २६ म्हणजे ५७ होत होते, तेही हाताने गिअर बदलायच्या गाडीला. क्लच आणि खालचा भाग मात्र यातही नाही.

झुआरीपार

ऑटोमॅटिक घेतलीत तर डाव्या पायाला जाळायला क्लचच नाही. खालच्या भागासाठी एकच उपाय, क्विंतांच्या, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या, कच्च्या वाटेवर गाडी घालू नका, वर उभी करून चालत उतरा. कव्हरचा कागद छापून ठेवा. काउंटरवर ‘हे पॅकेज आमच्या सिस्टममध्ये दिसत नाही’ म्हणाले तर तोच पुढे करायचा, नवीन कशावरही सही करायची नाही.

आणि अपघात झालाच तर ११२, मग गाडीतला दोन्ही चालकांनी मिळून भरायचा युरोपीय अपघात फॉर्म. ग्लव्ह बॉक्समध्ये आहे का ते निघतानाच बघा. मजकूर पोर्तुगीजमध्ये असेल, पण रकाने सगळ्या देशांत एकाच क्रमाने असतात, इंग्रजी नमुना मोबाइलवर घेऊन ठेवला की भरता येतो.

कुळागर

ठरलं मग, कंपनीच्या साइटवरूनच. मेहुण्याचे सहा युरो देतोय, सालामांका रद्द. सगळ्यांचे आभार.

मासोळी नको

थांबा, मुलं केवढी आहेत? पोर्तुगालात १२ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळी सीट लागते. त्याचेही दिवसाचे पैसे घेतात, आणि आधी सांगितलं नाही तर नेमकी शिल्लक नसते.

कुळागर

मोठा १४० च्या वर आहे. धाकटी ११८. बूस्टर घरचाच आहे, पण तो भारतातला, तिथे चालेल का?

मासोळी नको

त्याच्या खाली नारिंगी स्टिकर असेल, त्यावर गोलात ई आणि एक आकडा. तो असला तर युरोपात चालतो. नसला तर बुकिंगमध्येच सीट टाका.

कुळागर

आहे. ई-४ लिहिलंय.